सावलीतलं तापमान

काकांना सूर्याबद्दल कोणी वाईट बोललेलं खपत नसे. 'सूर्यदेव का प्रकोप', 'आसमान से बरसी आग' असला मथळा आमच्या चॅनलवर झळकला की पाच मिनिटांत न्यूजरूममधला फोन वाजायचा आणि पलीकडून एक खणखणीत आवाज विचारायचा, "सूरज ने क्या बिगाड़ा है आपका? वो उतना ही तप रहा है जितना मेरे बाप के टाइम में तपता था. बिगाड़ा किसने, उसका नाम लो ना!" फोन उचलणारा हसून रिसीव्हर टेबलावर ठेवून द्यायचा. तिकडे काका बोलत राहायचे, इकडे टेबल ऐकत राहायचं.

मी रायपूरच्या त्या हिंदी चॅनलमध्ये लागले तेव्हा हा माणूस म्हणजे ऑफिसातला रोजचा विनोद होता. पंधरा दिवसांनी मी चौबे कॉलोनीत भाड्याची खोली बघायला गेले. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी "किससे मिलना है?" एवढंच विचारलं आणि मी आवाज ओळखला. पळून जावं असं वाटलं. पण मी अमरावतीची आहे हे कळल्यावर ते एकदम दारातून बाजूला झाले. "मराठी आहेस ना? मंग रहा. हिंदीत भांडून भांडून जीभ आखडली माही."

मी कुठे काम करते हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सांगितलं. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि आत ओरडून काकूंना म्हणाले, "अवं, दुश्मन आला घरात. चहा ठेव."

त्यांचे आजोबा रेल्वेच्या कामावर भंडाऱ्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. काका स्वतः विमानतळाजवळच्या वेधशाळेत निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण निरीक्षण काही सुटलं नाही. गच्चीवर माझ्या खोलीसमोर चार पायांवर उभी अशी एक पांढरी लाकडी पेटी होती, चारी बाजूंनी झडपांची. आत चार थर्मामीटर. एक कोरडं; दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी, अंगावरचा घाम कितपत सुकेल ते कळायला; उरलेली दोन दिवसाचा सर्वांत वरचा आणि रात्रीचा सर्वांत खालचा पारा धरून ठेवणारी. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. या दोन वेळांना काका समोरच्या माणसाचं वाक्य अर्धं सोडून उठत. मुलीच्या लग्नात वरमाला साडेपाचलाच आली. हे नव्या सुटात स्कूटरवर बसून घरी आले, आकडा लिहिला, परत गेले. काकू सांगायच्या, "व्याह्यानं मले विचारलं, समधी कुठं गेले? मी म्हटलं, ताप पाह्यले. त्याईले वाटलं कोनी बिमार हाये."

"मोजलं कोनी?" हा त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न. भाजीवाली म्हणाली आज फार गरम आहे, तरी तिला हाच प्रश्न. आणि यात ते कोणाचीच बाजू सांभाळत नसत. एका वर्षी मे महिना चक्क थंड गेला, तर तेही टीव्हीवर सांगा म्हणून त्यांनी फोन केले. एकदा आम्ही 'दहा वर्षांत रायपूरचं वाळवंट' असा कार्यक्रम केला, तेव्हा तर ते जास्तच भडकले. मला जिन्यात गाठून म्हणाले, "भीतीबी मोजून दाखवा लागते, पोरी. उद्या तुमचं खोटं निघालं त लोक खऱ्यावरबी थुकतील."

त्यांची वह्यांची थप्पी होती, आणि त्यांतून त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. दुपारबद्दल सगळे बोलतात, रात्र कोणी बघत नाही. पूर्वी मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर ओढावी लागे, आता भिंती सकाळपर्यंत गरम राहतात. "दिवसा तापलेलं आंग रातच्याला निवलंच नाई, त दुसऱ्या दिवशी मानूस सुरुवातच कुठून करते?" हे ते मला सांगत, दूधवाल्याला सांगत, चॅनलच्या त्या टेबलावर पडलेल्या रिसीव्हरलाही सांगत असणार.

एका उन्हाळ्यात आमच्या रिपोर्टरने मोटारीच्या बॉनेटवर अंडं फोडून आम्लेट केलं. दिवसभर तेच चाललं. मी घरी आले तर काका फाटकातच उभे.

"अंडं शिजलं ते दाखवता. मानूस शिजून राहिला ते काहून नाई दाखवत?"

"काका, लोकांना असलंच बघायला आवडतं."

"लोकाईले रस्त्यावर मेलेलं ढोरबी पाह्यले आवडते. मंग?"

मला त्यांचा राग आला होता, कारण आम्लेटची कल्पना माझी होती.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उठत होती. बांधकामावर विटा आणि मसाला वाहणाऱ्या बायकांना इथे रेजा म्हणतात. सहा-सात रेजा होत्या, सकाळपासून फळीवरून वर-खाली. काका रोज बाराच्या सुमाराला डोक्यावर सोला हॅट घालून ओल्या थर्मामीटरचा आकडा कागदावर लिहून तिकडे जायचे आणि ठेकेदारासमोर तो कागद धरायचे. "चार बजे तक बंद."

ठेकेदाराला वाटायचं हे सरकारी साहेब आहेत. काकांनी तसं कधी सांगितलं नाही आणि नाकारलंही नाही. त्यांच्या मते ते सरकारी नव्हते, पण आकडा सरकारी पद्धतीने घेतलेला होता, तेव्हा हरकत नव्हती. ठेकेदार कुरकुरत मिक्सर बंद करायचा. बायका आमच्या पोर्चच्या सावलीत येऊन बसायच्या, काकू माठातलं पाणी द्यायच्या. त्यांतली एक, चाळिशीची असावी, पुढचा एक दात तुटलेला, रोज काकांना विचारायची, "आज कतका हे, दादा?" काका अगदी साहेबाला रिपोर्ट द्यावा तसा कोरड्या आणि ओल्या दोन्ही थर्मामीटरचा आकडा तिला सांगायचे. ती हसायची. "अब्बड़ घाम हे." छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन, अब्बड़ म्हणजे फार. काका तिला बजावायचे, "ये छाँव का है, बाई. तुम्हारे सिर पर का अलग है. वो कोई नहीं नापता."

मी ऑफिसला निघताना हे बघायची आणि पुढे जायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

काकांना टीव्हीवर आणायचं माझ्याच डोक्यात आलं. आमचा संपादकच संध्याकाळच्या चर्चेचा अँकर होता. त्याला उन्हाळ्यावर कार्यक्रम हवा होता. मी म्हटलं, आयुष्यभर तापमान मोजलेला माणूस आहे, त्याला अर्धा तास बोलू द्या. तो म्हणाला, "बढ़िया. पर दूसरा पक्ष भी चाहिए. बिना लड़ाई के कौन देखेगा?"

मी घरी सांगितलं तेव्हा काका पहिल्यांदाच माझ्यासमोर लाजले. दोन दिवस ते वह्या चाळत होते. एका पानावर रात्रींचे आकडे मोठ्या अक्षरात उतरवले, म्हणजे चष्मा न लावता वाचता येतील. मुलीच्या लग्नातला तो सूट काकूंनी उन्हात टाकला. जाताना ते मला म्हणाले, "तू मले इज्जतीनं बोलावलं. लक्षात ठेवीन."

कार्यक्रमाचं नाव होतं 'गर्मी का सच या सच की गर्मी?' पडद्यावर तीन खिडक्या. एका खिडकीत दिल्लीचे एक विश्लेषक, मागे पुस्तकांचं कपाट. ते म्हणाले की हवामान लाखो वर्षांपासून बदलतंय, हे सगळं आमचे कारखाने बंद पाडायचं परदेशी कारस्थान आहे. दुसऱ्या खिडकीत एक ज्योतिषाचार्य. ते म्हणाले की नौतपा आहे, नऊ दिवस धरती तापलीच पाहिजे. तिसऱ्या खिडकीत सूट घातलेले काका, मांडीवर वही. मधल्या वेळात जाहिरात लागली, लोखंडाच्या कारखान्याची. त्यात चिमणीतून धुराऐवजी हिरवी पानं निघत होती. रायपुरात राहणाऱ्या कोणालाही विचारा, सकाळी गच्चीवर अनवाणी चाललं की तळवे काळे का होतात.

काकांना बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी वही उघडली. "मैं दिन की बात नहीं करूँगा. मैं मिनिमम बता रहा हूँ, रात का..."

"दादा, सीधा बताइए. रायपुर ख़तरे में है? हाँ या ना?"

"वही बता रहा हूँ. ये देखिए..."

"हाँ या ना, दादा? टाइम नहीं है."

विश्लेषक हसले. म्हणाले, "अंकल जी की घड़ी पुरानी हो गई है, शायद थर्मामीटर भी."

काका उभे राहिले. "टाइम नहीं है तो बुलाया काहे को? आधा घंटा से इसको बोलने दे रहे, इसने ज़िंदगी में एक थर्मामीटर पढ़ा है क्या? पूछो इसको! मोजलं का बे तू कधी?" हिंदी सुटली, मराठी आली. कॉलरचा माइक ओढायला गेले तर तार चष्म्याच्या दोरीत अडकली, चष्मा कानावरून लोंबायला लागला, वही खाली पडली. अँकर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "देखिए, पारा यहाँ भी चढ़ गया है. लौटते हैं ब्रेक के बाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला लवकर बोलावून सांगितलं, वीस सेकंदांची क्लिप काढ, फिरेल. मी काढली. लोंबणारा चष्मा दोनदा दाखवला. खाली लिहिलं, 'दादा का पारा हाई'. आणि काका ओरडतात तिथे कुकरची शिट्टी टाकली.

शिट्टी टाक असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ती मला सुचली. मी त्या कामात चांगली होते.

क्लिप फिरली. दुपारपर्यंत शहरभर. काकांकडे साधा फोन होता, त्यांना कळलं ते कॉलोनीतल्या पोरांनी स्कूटरमागे शिट्टी वाजवली तेव्हा. काकूंनी शेजारणीच्या मोबाइलवर पाहिली आणि मला विचारलं, "हे कोनं केलं गं?" मी म्हटलं, ऑफिसात कोणीतरी. काका खुर्चीतून म्हणाले, "तिले काहून इचारतं? त्या पोट्टीची काय चूक? तिनं त मले बोलावलं होतं." मी वर खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या दिवशी बाराला काका नेहमीसारखे कागद घेऊन बांधकामावर गेले. ठेकेदाराच्या हातात मोबाइल होता. त्याने काकांच्या तोंडासमोर क्लिप लावली आणि बाकीच्यांना हाक मारून म्हणाला, "अरे देखो, टीवी वाले दादा! हम तो साहब समझ रहे थे." मिस्त्री हसले. कोणीतरी तोंडाने शिट्टी काढली. "दादा, पहले अपना पारा नीचे करो. मेरी स्लैब की ढलाई है, मैं नहीं रोकूँगा."

काका ओरडले. जितके ओरडले तितकं हसू वाढलं. मिक्सर चालूच राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोर्च दुपारभर रिकामा. माठ भरलेला.

तिसऱ्या दिवशी ती रेजा घमेलं डोक्यावर घेऊन फळी चढताना मध्येच थांबली, खाली बसली आणि आडवी झाली. काकांनी गच्चीवरून पाहिलं. ते खाली पोचले तेव्हा तिचं अंग भाजत होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता. काकूंनी माठ आणून तिच्या अंगावर रिकामा केला. ऑटोतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळच्या आत ती गेली.

मी ऑफिसात होते. काकूंचा फोन आला. मी सरळ संपादकाच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, उन्हाने बाई मेली आहे, माझ्या घराशेजारी, बातमी करू.

"गर्मी से मरी, ये कौन बोल रहा? डॉक्टर ने लिखा है?"

डॉक्टरने लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

"गवाह है," मी म्हटलं. "आकडे आहेत. आमचे काका रोज लिहितात."

"कौन? वो कुकर वाले?" तो हसला. वाईट नव्हता तो हसताना, नेहमीसारखाच हसला. "एक पक्ष से ख़बर नहीं बनती. ठेकेदार का पक्ष लो, स्वास्थ्य विभाग का लो, फिर देखेंगे. नहीं तो ऐसा करो, शाम की बहस रखो. 'लू से मौत: सच या डर का धंधा?'"

बाई मेली होती आणि त्याला दुसरी बाजू हवी होती. मेल्याची दुसरी बाजू काय असते? मी त्याच्याशी न भांडता केबिनबाहेर आले, कारण मला माहीत होतं की काकांना 'कुकरवाले' हे नाव कोणी दिलं.

साडेपाचला मी घरी पोचले. काका गच्चीवर पेटीसमोर उभे होते. आकडा लिहून होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "काका, ती क्लिप मी कापली होती."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"शिट्टी?"

"मीच."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते. ते अगदी हळू बोलले, आणि त्या माणसाला हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "माह्यावर हसले ते मले चालते. मी उभ्या जन्मात लोकाईले हसू आणत आलो. पन बाराला मी जाऊन म्हणो 'बंद', आन ते बंद होये. तेवढंच एक काम होतं माह्या हातात. तेवढंच. ते तू घेतलं."

मी रडायला लागले. तेव्हा मात्र ते कडाडले. "रडू नको! रडून मोकळी होशीन तू! उद्या बाराला माह्यासंगं चालाचं. आन क्यामेरा आनशील त पाय तोडीन."

दुसऱ्या दिवशी बाराला ते बांधकामावर गेले. कागद नेला नाही, हॅटही नेली नाही. जिथे ती पडली होती तिथल्या रेतीच्या ढिगावर मांडी घालून बसले, भर उन्हात, सत्तरी ओलांडलेला माणूस. ठेकेदार आला. "दादा, ये क्या नाटक है?"

"नाटक नहीं. तुम काम करो. मैं यहीं बैठूँगा जब तक काम चलेगा."

मी छत्री उघडली. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते बाईले दे." फळीखाली एक रेजा उभी होती. मी छत्री तिला दिली आणि रेतीवर त्यांच्या बाजूला बसले. रेती कपड्यांतून चटके देत होती. पहिल्या दहा मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं. मी रोज एसीत बसून 'भीषण गर्मी' असं टाइप करत असे. ती किती भीषण असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मिक्सर चालू होता. छत्री घेतलेल्या बाईने ती मिटली, घमेलं खाली ठेवलं आणि आमच्या मागे येऊन बसली. मग दुसरी. मिस्त्री वरून शिव्या देत होता. काकांच्या मानेवरचा घाम थांबला तेव्हा मी घाबरून उठले, ठेकेदाराची बाही धरली आणि ओरडले, "कल एक मर गई, आज दूसरा मरेगा, और ये सबके सामने मरेगा!" माझा आवाज मला काकांसारखा वाटला. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन मिक्सर बंद केला.

काका तीन दिवस दवाखान्यात होते. पण पाऊस लागेपर्यंत त्या बांधकामावर बारा ते चार काम झालं नाही. एवढं त्यांनी परत मिळवलं. कोणत्याच चॅनलवर आलं नाही. दोन दिवसांनी आमच्या चॅनलवर बहस मात्र झाली, त्याच विश्लेषकांना घेऊन. मी नोकरी सोडली तो दिवस हाच असं सांगायला मला आवडेल. खरं म्हणजे मी आणखी चार महिने तिथे होते.

दसगात्राच्या दिवशी, म्हणजे दहाव्याला, काका मला तिच्या गावी घेऊन गेले. कारखान्यांच्या पलीकडचं गाव, झाडांच्या पानांवर काळी धूळ. तिच्या नवऱ्याने खाट टाकली, पाणी दिलं. काकांनी त्याला सगळं सांगितलं, कागदाचं, क्लिपचं. माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "इसने बनाया था." त्याला त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. मी टीव्हीत काम करते एवढं त्याने पकडलं. त्याने विचारलं, "टीबी म ओकर नाव आही का, दीदी?"

तिचं नाव टीव्हीवर येईल का.

मी घाईघाईने म्हटलं, "हो, हो, मैं कोशिश..."

"झूठ मत बोल," काका म्हणाले. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "नई आवय, भाई. नई आवय."

"हव," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या अंगात जो संताप भरला तो त्याच्या या एका शब्दाने भरला, आणि तो अजून उतरलेला नाही. मी पर्स उघडली, वही काढली आणि दोन महिने आमच्या पोर्चमध्ये बसलेल्या बाईचं नाव तिच्या नवऱ्याला विचारलं. त्याने दोनदा सांगितलं, मी नीट ऐकावं म्हणून.

काका आता नागपुरात मुलीकडे असतात. दवाखान्यातून आल्यावर गच्चीचा जिना त्यांना झेपेना. हे लिहायला घेतलं तेव्हा मी फोन केला आणि विचारलं, तुमचं नाव घालू का? ते भडकले. "माह्यं काहून? मी मेलो का? तिचं लिही. आन काय झालं ते एका ओळीत लिही. हा म्हणते, तो म्हणते, असं काही नाई."

तिचं नाव बिसाहिनबाई. ती उन्हाने मेली.